तेलबिया पिकांतले बुरशीजन्य रोग : वऱ्हाड-झाडीपट्टीच्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाबीन अचानक पिवळं पडून वाळायला लागलं. कोणतं बुरशीनाशक मारू?

आधी काहीच मारू नका. वावरात शिरा, पाच-सहा ठिकाणची झाडं मुळासकट उपटा आणि ब्लेडने खोड उभं चिरून पाहा. पिवळेपणाची कारणं निदान सहा आहेत आणि त्यातली बुरशीची फक्त दोन-तीनच. खोड चिरल्याशिवाय दुकानात गेलात, तर मिळेल ते औषध घेऊन याल.

मुळाची साल बोटाने ओढली की सहज निघत असेल आणि आत कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसत असतील, तर ती चारकोल रॉट, म्हणजे मूळकूज-खोडकूज. यात पानं वाळूनही झाडालाच लटकून राहतात. जमिनीलगत खोडावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे गोल दाणे दिसले, तर ती कॉलर रॉट. हे दाणे सुरुवातीला पांढरे असतात, मग तपकिरी होतात. खोडाच्या आत लालसर बोगदा आणि त्यात अळी किंवा कोष सापडला, तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर दोन समांतर चक्रं आणि त्याच्या वरचा भाग सुकलेला असेल, तर चक्रीभुंगा. खोड आतून स्वच्छ, मुळं चांगली, पण पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाचे एकमेकांत मिसळलेले चट्टे असतील, तर पिवळा मोझॅक. तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते, आणि जगातलं कोणतंही बुरशीनाशक त्यावर चालत नाही. सहावं कारण लोहाची कमतरता. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जागी नवीन पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये पूर्व विदर्भात वावरंच्या वावरं पिवळी झाली, तेव्हा पिवळा मोझॅक आणि मूळकूज (चारकोल रॉट) एकाच वेळी होती. काही ठिकाणी तर एकाच ओळीत. अशा वेळी शेजाऱ्याने काय मारलं याला अर्थ नसतो. त्याच्या वावरातला रोग वेगळा असू शकतो.

मूळकूज लागलेलं झाड फवाऱ्याने वाचतं का?

नाही. हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे, कारण सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. पानावर मारलेलं आंतरप्रवाही बुरशीनाशक झाडात मुख्यतः वरच्या दिशेने, पानाच्या टोकाकडे जातं. मुळापर्यंत रोग मारण्याइतकं ते पोहोचत नाही. शिवाय पानं पिवळी पडेपर्यंत आतल्या रसवाहिन्या बंद झालेल्या असतात.

चारकोल रॉटची बुरशी जमिनीत आणि पिकाच्या अवशेषांत काळ्या सूक्ष्म गाठींच्या रूपात काही वर्षं तग धरते. पेरणीनंतर ती मुळात शिरते आणि गप्प राहते. फुलोरा ते दाणे भरण्याच्या काळात पावसाने दोन-तीन आठवडे दडी मारली, जमीन तापली, झाडाला ताण बसला, की ती उसळते. म्हणून याचा हंगामातला खरा उपाय पाणी आहे. विहिरीत पाणी असेल तर त्या खंडात तुषारने एक संरक्षित ओलीत द्या आणि डवऱ्याने (कोळप्याने) भेगा बुजवा. हलक्या, मुरमाड पट्ट्यात ताण आधी बसतो, तिथून सुरुवात करा.

कॉलर रॉटचं उलट आहे. तिला ओल, उष्णता आणि जमिनीवर पडलेला अर्धवट कुजलेला काडीकचरा लागतो. ती बहुधा रोपावस्थेत दिसते. मेलेली झाडं भोवतीच्या मातीसकट उचलून वावराबाहेर न्या. धुऱ्यावर (बांधावर) फेकू नका, ते दाणे पावसाच्या पाण्याने परत वावरात येतात.

बीजप्रक्रिया नेमकी कशी करायची?

एकरी ३० किलो सोयाबीन धरून हिशेब देतो. क्रम पाठ करा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत.

बुरशीनाशक म्हणून कार्बोक्झिन ३७.५% + थायरम ३७.५% हे मिश्रण किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलोला ९० ग्रॅम. किंवा पेनफ्लुफेन १३.२८% + ट्रायफ्लॉक्सीस्ट्रॉबिन १३.२८% एफएस किलोला १ मिली, म्हणजे ३० मिली. दोन्ही नाही, एकच. खोडमाशी आणि पांढऱ्या माशीसाठी थायमिथोक्झाम ३०% एफएस किलोला १० मिली. बियाणं सावलीत सुकलं की पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांची २५० ग्रॅमची पाकिटं, प्रत्येकी १० किलोला एक.

भुकटी असेल तर ३० किलोला १५० ते २०० मिली पाणी पुरतं. सगळी चूक इथे होते. मगभर पाणी ओतलं की सोयाबीनचं पातळ टरफल सुरकुततं, सुटतं आणि उगवण पडते. बियाणं चोळायचं नाही. बीजप्रक्रियेचा ड्रम असेल तर सावकाश फिरवा, नसेल तर ताडपत्रीवर दोघांनी टोकं धरून हलवा. हातमोजे घाला.

पिशवीवर बियाण्याला आधीच बुरशीनाशक लावलेलं असल्याचं छापलेलं असेल आणि बियाणं रंगीत असेल, तर पुन्हा लावू नका. जिवाणू खत मात्र लावा, आणि ते बियाणं तासाभरात पेरा. उन्हात तिफणीवर पडून राहिलेले जिवाणू मरतात.

ट्रायकोडर्मा आणि रासायनिक बीजप्रक्रिया दोन्ही चालेल का?

बियाण्यावर एकच. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे, रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी; कार्बेन्डाझिमसारखं औषध तिला मारतं. बियाण्याला रासायनिक लावलं असेल तर ट्रायकोडर्मा जमिनीतून द्या. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या मुरलेल्या शेणखतात मिसळा. मूठ आवळली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढीच ओल ठेवा. सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस राहू द्या, मधे एकदा वरखाली करा, आणि पेरणीच्या वेळी ओल्या जमिनीत टाका. कोरड्या तापलेल्या वावरात टाकलेला ट्रायकोडर्मा काही करत नाही. कच्च्या शेणात मिसळला तर शेणाच्या गर्मीने जातो.

घेताना पुड्यावरची तारीख पाहा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आणि बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांत ताजा मिळतो. दुकानाच्या पत्र्याखाली पडून राहिलेल्या पुड्यापेक्षा तो कधीही बरा.

फेरपालट केली तर मूळकूज जाते का?

कमी होते, जात नाही. चारकोल रॉटच्या बुरशीला पाचशेहून जास्त वनस्पती चालतात: पऱ्हाटी (कपाशी), ज्वारी, मका, तूर, हरभरा, तीळ, भुईमूग. सोयाबीन काढून पऱ्हाटी लावली म्हणजे तिची उपासमार झाली, असं होत नाही. पण खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हे वर्षानुवर्षं त्याच वावरात चालू ठेवणं मात्र सर्वांत वाईट, कारण मुळांचे आणखीही रोग साचत जातात. फेरपालटीसोबत उन्हाळ्यात खोल नांगरणी, चांगलं मुरलेलं शेणखत, दाट पेरणी टाळणं आणि बीजप्रक्रिया, असं सगळं मिळून दोन-तीन हंगामांत फरक दिसतो.

आमची जमीन भारी काळी आहे, झड लागली की पाणी तुंबतं. काय करू?

पेरतानाच सोय करा. रुंद वरंबा सरी यंत्र मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर ट्रॅक्टरच्या सात दात्यांच्या पेरणी यंत्राने पट्टापेर करा, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात एक ओळ रिकामी राहील, आणि डवरणीच्या वेळी त्या रिकाम्या जागेत सरी काढा. डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गच्च गुंडाळली की सरी आपोआप पडते आणि माती दोन्ही बाजूंच्या ओळींना लागते. पाणी जिरायला आणि निघायला वाट होते, खंड पडला तर ओलही टिकते. फवारणीला चालायला जागा मिळते, त्यामुळे औषध खालच्या पानांपर्यंत जातं.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जमीन पाणी सोडतच नाही. तिथे ही सरी ऐच्छिक नाही, पहिल्याच डवरणीला काढलीच पाहिजे.

शेंगांवर काळे डाग पडतात, दाणे पोचट राहतात. हा कोणता रोग?

बहुधा शेंगा करपा. शेंगेवर, देठावर, खोडावर अनियमित तपकिरी डाग पडतात आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके येतात. भिंगातून त्यावर काटे दिसतात. तो बियाण्यातून येतो आणि शेंगा भरताना सतत पाऊस, ढगाळ हवा असली की भडकतो. दुसरा असतो रायझोक्टोनियाचा पानावरचा करपा. त्यात पानांवर आधी उकडल्यासारखे ओले चट्टे पडतात, मग तपकिरी होतात, आणि दाट पिकात पानं एकमेकांना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बुरशीने चिकटतात.

या दोन्हींवर फवारा खरोखर उपयोगी आहे, पण वेळेत. शेंगा धरायला लागल्या आणि हवा ओली असली की पहिला, गरज वाटली तर १५ दिवसांनी दुसरा. एकरी मात्रा अशा, यातलं कोणतंही एक:

- टेब्युकोनॅझोल २५.९% ईसी २५० मिली
- टेब्युकोनॅझोल १०% + सल्फर ६५% डब्ल्यूजी ५०० ग्रॅम
- पायराक्लोस्ट्रोबिन २०% डब्ल्यूजी १५० ते २०० ग्रॅम
- पायराक्लोस्ट्रोबिन + इपॉक्सीकोनॅझोल एसई ३०० मिली
- फ्लुक्सापायरोक्झाड + पायराक्लोस्ट्रोबिन एससी १२० मिली

पहिल्या फवाऱ्याला यातलं एकेरी पायराक्लोस्ट्रोबिन मारलं असेल, तर दुसऱ्याला टेब्युकोनॅझोल घ्या. सारखा एकच गट मारला की बुरशी त्याला सरावते. आणि पीक पिवळं पडून पानं गळायला लागली असतील, तर फवारा सोडून द्या. त्या वेळी खर्च निघत नाही.

दुकानदार पंपाला दोन झाकणं म्हणतो. पंपाचा हिशेब कसा लावायचा?

झाकण हे माप नाही. मात्रा एकराला ठरलेली असते, पंपाला नाही. वर दिलेल्या मात्रा एकरी २०० लिटर पाण्यासाठी आहेत. १५ लिटरच्या पंपाने ते १३ पंप होतात, आणि टेब्युकोनॅझोलचे पंपाला १९ मिली येतात. प्रत्यक्षात बरेच जण एकरी १० पंपांतच वावर संपवतात. पंपाला तेच १९ मिली टाकलं तर एकरात १९० मिलीच पडलं, म्हणजे मात्रा पाऊण झाली. अशा वेळी पंपाला २५ मिली घ्या. आधी साध्या पाण्याने एक पंप मारून किती जागा भिजते ते मोजा, मग भागाकार करा. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, पण एकरी औषध तेवढंच ठेवा.

नोझल पोकळ शंकूचं घ्या. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. तणनाशकाचा अंश राहिलेल्या पंपाने पऱ्हाटी किंवा तीळ वाकडे झाल्याची तक्रार दर हंगामात येते.

बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक सगळं एकत्र मारलं तर मजुरी वाचते. काय हरकत आहे?

हरकत मोठी आहे. लेबलवर मिसळायला चालतं असं लिहिलेलं नसेल तर मिसळू नका. औषधं फाटतात, गाळ बसतो, पानं जळतात. त्याहून गंभीर म्हणजे मारणाऱ्याच्या अंगात काय जातं हे डॉक्टरलाही कळत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. पुरुषभर उंच पऱ्हाटी, दमट उकाडा आणि अनेक औषधांची मिश्रणं हे त्यात होतं. कोणाचंही पीक माणसाच्या जिवापेक्षा मोठं नाही. रोजदाराला मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे द्या. ते देणं तुमच्याकडे लागतं, त्याच्याकडे नाही. वाऱ्याकडे तोंड करून मारू देऊ नका, दुपारच्या उन्हात मारू देऊ नका. मळमळ, चक्कर, घाम, धूसर दिसणं सुरू झालं की कपडे काढून साबणाने अंग धुवा, आणि डबा किंवा त्याचं लेबल घेऊन थेट दवाखान्यात न्या. घरगुती उलटी करवू नका.

वाण बदलला तर फरक पडतो?

पडतो. जेएस-३३५ अजून लोकांच्या हाताला आहे, पण रोगांपुढे तो आता टिकत नाही. अमरावतीच्या संशोधन केंद्राचे सुवर्ण सोया आणि यलो गोल्ड हे वाण मूळकूज आणि पिवळ्या मोझॅकला जास्त सहनशील म्हणून दिलेले आहेत. फुले संगम तांबेऱ्याला सहनशील आहे, पण उशिरा येतो. हलक्या जमिनीत, पाणी लवकर संपणाऱ्या वावरात उशिराचा वाण म्हणजे दाणे भरताना ताण आणि मागोमाग चारकोल रॉट. वाण जमिनीच्या खोलीवर ठरवा. आणि सहनशील म्हणजे बीजप्रक्रिया नको, असा अर्थ नाही.

उन्हाळी भुईमुगावर टिक्का आणि तांबेरा कसे ओळखायचे?

टिक्क्याचे दोन प्रकार. लवकर येणाऱ्याचे डाग तपकिरी, भोवती पिवळं वलय. उशिरा येणाऱ्याचे जवळपास काळे आणि पानाच्या खालच्या बाजूला खरखरीत. तांबेऱ्यात पान उलटलं की नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसतात, बोट फिरवलं की भुकटी लागते. डाग दिसताच १० लिटरला मॅन्कोझेब ७५% २५ ग्रॅम. वाढला तर टेब्युकोनॅझोल २५.९% ईसी एकरी २०० ते ३०० मिली. पानं गळाली की आऱ्या (शेंगा धरणारे दोरे) कमकुवत होतात आणि उपटताना शेंगा जमिनीतच राहतात, म्हणून शेवटच्या महिन्यातली पानं सांभाळा. तुषार संध्याकाळी चालवू नका, पान रात्रभर ओलं राहतं. सकाळी लवकर चालवा.

भुईमुगाच्या दाण्यावर हिरवी-पिवळी बुरशी आहे. भाजून खाल्लं तर चालेल का?

नाही. ती ॲस्परजिलस बुरशी असू शकते आणि तिचं अफलाटॉक्सिन हे विष भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरेसं नष्ट होत नाही. ते यकृताला घातक आहे. घाण्यात टाकलं तर बहुतेक विष ढेपेत उतरतं, ती ढेप म्हशीने खाल्ली की दुधात येतं. असे दाणे वेचून नष्ट करा. माणसाला नको आणि ढोरालाही नको.

हे टळतं काढणीत. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पाण्याचा ताण पडू देऊ नका, खुरप्याने फुटलेल्या शेंगा वेगळ्या ठेवा, उपटल्यावर वेल शेंगा वर करून वाळवा, आणि दाण्यातली ओल ८ टक्क्यांवर आल्याशिवाय पोत्यात भरू नका. शेंग हलवली की दाणा खुळखुळ वाजला पाहिजे.

तिळाची झाडं मरतात, काहींना फुलांऐवजी पानांचे गुच्छ येतात. एकच रोग आहे का?

दोन वेगळे. खोड काळं पडून झाड मरतं ती खोडकूज, सोयाबीनच्या चारकोल रॉटचीच बुरशी. पेरताना किलोला थायरम ३ ग्रॅम लावा आणि पाणी तुंबणाऱ्या वावरात तीळ पेरूच नका. पर्णगुच्छ हा बुरशीचा रोग नाही, तो तुडतुड्यांमुळे पसरतो. अशी झाडं दिसताच उपटा आणि तुडतुड्यांचा बंदोबस्त करा.

जवस आणि करडईला काय सांभाळायचं?

जवसाला भुरी आणि अल्टरनेरिया करपा. करपा कळ्यांवर आला की बोंडं धरतच नाहीत, तेव्हा कळी अवस्थेत १० लिटरला मॅन्कोझेब २५ ग्रॅम मारा. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक ८०% २५ ग्रॅम, पण ऊन ३५ अंशांवर असताना नाही. पेरणी उशिरा झाली की भुरी आणि गादमाशी दोन्ही वाढतात. भंडारा-गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत उतेरा टाकतात (उभ्या धानातच जवसाचं बी फोकतात) तिथे फवारा क्वचितच परवडतो, म्हणून तिथे मर आणि भुरीला सहनशील वाण हाच मुख्य उपाय. जवसाचं संशोधन नागपूरच्या कृषी महाविद्यालयात चालतं, बियाण्याची चौकशी तिथे करा.

करडई लवकर पेरली आणि परतीचा पाऊस लांबला, तर पानांवर गोल वलयांचे तपकिरी डाग पडतात. मॅन्कोझेब २५ ग्रॅम, दोनदा, १५ दिवसांनी. मर लागलेल्या वावरात पुढची तीन वर्षं करडई नको.

घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवायचं आहे. बुरशी कशी टाळू?

सुडी (कापलेल्या पिकाचा ढीग) लागताना पाऊस आला की दाण्यावर बुरशी येते, म्हणून बियाण्याचा भाग वेगळा काढा आणि आधी मळा. ओली सुडी ताडपत्रीने घट्ट झाकून ठेवू नका, उघाड पडताच उघडा, नाहीतर आत उबते. मळणी यंत्राचे फेरे ४०० च्या आत ठेवा, जास्त फेऱ्यांनी टरफल तडकतं आणि तडकलेल्या दाण्यातून बुरशी शिरते. दाण्यातली ओल १० टक्क्यांच्या आत आणा. पोती लाकडी फळ्यांवर, चार-पाचपेक्षा उंच थप्पी नको, आणि वरून आपटू नका.

मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजा. ७० किंवा जास्त आले तर नेहमीचं ३० किलो. त्याखाली आले तर प्रमाणात बियाणं वाढवा, आणि ६० च्याही खाली असेल तर ते विकून टाका.

रोग ओळखता येत नाही. नमुना कुठे आणि कसा न्यायचा?

तीन झाडं न्या: एक पूर्ण वाळलेलं, एक नुकतं सुकायला लागलेलं, एक निरोगी. मुळं तोडू नका, मूठभर मातीसकट उपटा. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कारण त्यात दुसरीच बुरशी वाढते आणि निदान चुकतं. त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोहोचवा: वाशीमला करडा, वर्ध्याला सेलसुरा, चंद्रपूरला सिंदेवाही, गडचिरोलीला सोनापूर, भंडाऱ्याला साकोली, अमरावतीला दुर्गापूर. सोबत कागदावर लिहून न्या: वाण, पेरणीची तारीख, बियाण्याला काय लावलं, आधी कोणते फवारे झाले, शेवटचा पाऊस कधी पडला, रोग सलग पट्ट्यात आहे की विखुरलेला, आणि गेल्या वर्षी त्या वावरात काय होतं.